रानजवसाची चटणी

दुपारच्या शांततेत मिक्सर घर्रकन फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

मुखेडच्या त्या घरात मिक्सरचा आवाज काही नवलाचा नव्हता. पण लेकीला थोपटत पडलेली जया उठून बसली ती मिक्सरमागोमाग आलेल्या वासानं. भाजलेलं जवस, लसूण, लाल तिखट. तिचा धाकटा भाऊ प्रीतम गेल्यापासून तिच्या मायनं, सरजाबाईनं, जवसाची चटणी केली नव्हती. कुणी मागितलीही नव्हती. नांदेडला वनस्पतिशास्त्रात संशोधन करणारा तो पोरगा डेंगीच्या तापानं बघता बघता गेला, आणि घरात उरलेलं जवस डब्यातच खवट होऊन गेलं. होस्टेलवर डबा पोचला की पोरं भाजीला हात लावायच्या आधी चटणी लुटायची, असं तो सांगायचा, आणि सांगताना स्वतःच फुशारायचा, जणू चटणी त्यानंच वाटली होती.

जयाला वाटलं, चला, माय सावरली. तिचे वडील शेषेराव पेपर बाजूला ठेवून न बोलावता ताटावर येऊन बसले, हेही कित्येक दिवसांत झालं नव्हतं. झोपेतून उठलेली यशोधरा, म्हणजे जयाची बालवाडीतली लेक यशू, हिलासुद्धा तेल घालून बोटभर चाटवली. चटणी जरा कडवट होती. पण ती कडू आहे असं म्हणायची त्या ताटावर कुणाची छाती होणार? शेषेरावांनी भाकरी वाढवून घेतली. सरजाबाई दाराच्या चौकटीला टेकून सगळ्यांचं जेवण बघत राहिली आणि मग शेजारच्या तुळजाबाईंकडे वाटीभर चटणी पाठवूनही दिली. पुढं जे रामायण झालं त्यात घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी बरं वाटलं, असा हा एवढाच एक तास.

आता ते जवस घरात आलं कुठून, हे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

प्रीतमचे मार्गदर्शक महादेवप्पा सर सांत्वनाला आले होते. उदगीरकडचा भला माणूस. त्यांना काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी आपल्याला येत होतं ते सांगितलं. नांदेडला त्यांच्याकडे वाळवलेल्या झाडांचा मोठा संग्रह आहे. झाड दाबून, वाळवून कागदावर बसवायचं, कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर झाडाचं नाव, ते कुठल्या जागी सापडलं ती जागा, आणि ज्यानं आणलं त्याचं नाव. प्रीतम जवसाच्या रानातल्या भाऊबंदांवर काम करत होता. आपल्या शेतातलं निळ्या फुलाचं जवस नव्हे; डोंगराच्या उतारावर कुणी न पेरता उगवणारं, पिवळ्या फुलाचं. साताऱ्याकडच्या डोंगरातून त्यानं आणलेलं रानजवस अजून संग्रहात चढायचं राहिलंय, तेवढं चढवा, असं सर म्हणाले. एकदा नंबर पडला की पोराचं नाव तिथून कुणी काढत नाही.

सरजाबाई तोवर भिंतीकडे बघत होती. तिनं मान वळवली.

"कुणीच काढत न्हाई?"

"कुणीच नाही, माय. दीडशे वर्षांपूर्वीची नावं अजून आहेत आमच्याकडे."

हे वाक्य त्या घरात किती खोल गेलं ते सरांना कळायचं कारण नव्हतं. एरवी जिवंत माणसाचं नाव रेशनकार्डावर चढवायला ज्या कचेरीनं चपलांचे तळ झिजवले होते, त्याच कचेरीनं प्रीतमचं नाव एका फेरीत कमी करून दिलं होतं. मतदार यादीतून गेलं. होस्टेलच्या खोलीवरची पाटी गेली. सर्वांनी इतकी तत्परता दाखवली की सरजाबाईला त्या तत्परतेचंच भय बसलं. सर गेल्यावर ती जयाला एवढंच म्हणाली, "एका जागी तरी ऱ्हाऊ दे गं त्याचं नाव."

म्हणून शाळांना सुट्ट्या लागल्यावर जया निलंग्याहून यशूला घेऊन माहेरी आली ती हे एक काम उरकायलाच. नवऱ्याला सांगून आली की एका दिवसाचं काम आहे, झाड द्यायचं आणि पोच घ्यायची. आयुष्यात ज्यांनी ज्यांनी 'एका दिवसाचं काम' असं म्हटलंय त्यांचा एक वेगळा संग्रह करायला हवा. कपाटं पुरणार नाहीत.

खाटेखालून प्रीतमची ट्रंक ओढली. आत दोन लाकडी जाळ्यांच्या मध्ये वर्तमानपत्रांच्या घड्या, पट्ट्यानं आवळलेल्या, आणि त्यांच्यात ते रानजवस. वीतभर उंचीच्या बारीक काड्या, सुईसारखी पानं, टोकाला फुलांच्या जागी पिवळसर कागदी चुरा. शेजारी एका पाकिटात वाळलेली बोंडं आणि त्यांतून निसटलेल्या बिया. सरजाबाईनं लांबूनच पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की तिला काहीतरी मोठं, निदान माणसाएवढं, अपेक्षित होतं. "एवढंच?" ती म्हणाली आणि आत गेली.

ट्रंक उघडल्याची बातमी भिंतीपलीकडे पोचायला वेळ लागला नाही. तुळजाबाई हात पुसत आल्या. सल्ला देताना त्या नेहमी उंबऱ्यातच उभ्या राहत. घरात येऊन बसलं की ऐकून घ्यावं लागतं, असा त्यांचा अनुभव असावा. झाडाला ओल लागून काड्या वाकड्या झाल्या आहेत, हे त्यांनी बरोबर ओळखलं. यावर उपाय इस्त्री. त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं लग्नाच्या हारातली फुलं अशीच इस्त्री करून फ्रेम केली होती आणि लग्न मोडलं तरी फुलं टिकली. जयाला हा पुरावा पटायला नको होता. पण दुःखात माणूस कुणाच्याही हातातली इस्त्री धरतो. वर पेपर, खाली पेपर, मध्ये रानजवस, आणि इस्त्री फिरली. काड्या सरळ झाल्या, हे कबूल केलं पाहिजे. फक्त पेपरवरची सोयाबीन बियाण्याची जाहिरात गरम होऊन झाडाच्या पानांवर उमटली. 'भरघोस उत्पन्नाची हमी' ही अक्षरं उलटी, पण बारकाईनं पाहिलं तर वाचता येत होती.

"पुसून निघतंय," तुळजाबाई म्हणाल्या आणि पुसलं तेव्हा दोन पानंही निघाली.

मग जयानं नांदेडला फोन लावला. महादेवप्पा सर मधल्या काळात सेवानिवृत्त होऊन उदगीरला गेले होते आणि संग्रह आता नव्यानं आलेल्या तारामती मॅडमकडे होता. मॅडमचा आवाज शांत होता, आणि शांत आवाजाच्या माणसांकडे नियम फार असतात. नमुना नेमका कुठून आणला ती जागा लागेल. बोंडं आणि बिया हव्यातच. या कुळात फुलं गळून जातात, ओळख शेवटी बोंडावर ठरते. आणायच्या आधी सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर चांगल्या थंडगार फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर तुमच्या एका झाडाबरोबर आलेली कीड आमची सगळी कपाटं खाईल. आणि चिठ्ठीवर, ज्यानं आणलं त्याची सही.

"तो नाहीये, मॅडम."

"मग आले की घ्या. घाई नाही."

"मॅडम, तो वारला."

मग मॅडम म्हणाल्या की वाईट झालं, खरंच वाईट झालं, आणि अशा वेळी मृत्यूचा दाखला जोडला तरी चालतो. झाडाचा लागत नाही एवढं तरी बरं, हे जयाच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. भावाच्या कामात आपल्याला हसू कसं येतं, म्हणून मग दिवसभर स्वतःवरच चिडून राहिली.

जागेचा प्रश्न शेषेरावांनी आपल्याकडे घेतला. प्रीतमच्या चिठ्ठीवर फक्त 'साताऱ्याच्या पुढे, घाटात' एवढंच होतं. बाकीचं तो सवडीनं लिहिणार होता. शेषेराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी बोलण्यातून स्टँड गेलं नव्हतं. जेवायला बसताना 'लागली का' विचारायचे, तेही ताटाबद्दल की गाडीबद्दल हे कळत नसे. त्यांना एक गोष्ट पक्की आठवत होती. त्या दिवशी प्रीतमची परतीची गाडी चुकली होती. डोंगरावरच्या शेवटच्या थांब्यावरून त्यानं फोन केला होता, बाबा, आता काय करू? आणि बाबांनी इथं मुखेडात बसून, कुणाकुणाला फोन लावून, त्याला एका दुधाच्या टेम्पोत बसवून खाली उतरवलं होतं. त्या थांब्याचं नाव मात्र आता काही केल्या आठवेना.

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फोन करायला शर्ट कशाला, असं त्यांना कुणी विचारलं नाही. तिकडच्या आगाराचा नंबर लावला आणि जुन्या आवाजात सुरुवात केली, "मुखेड आगारातून बोलून राहिलो, सोनकांबळे, वाहतूक नियंत्रक." निवृत्त हा शब्द घाईत राहिला. पलीकडचा पोरगा कामात असावा. आगाराला फोन लोक कशासाठी करतात ते त्याला ठाऊक होतं.

"काय हरवलं तुमचं?" त्यानं विचारलं. "ब्याग का मोबाईल?"

जया शेजारीच उभी होती. पोरगा पुन्हा म्हणाला, "काका, काय हरवलं ते सांगा आधी, मग बघता येतं."

"न्हाई," शेषेराव म्हणाले. "आमचं काही न्हाई हरवलं. मला एका थांब्याचं नाव पाहिजे."

नाव मिळालं. वरची धनगरवाडी. पोरानं शोधून, दुसऱ्या कुणाला विचारून, भलेपणानं दिलं. शेषेरावांनी ते मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि शर्ट काढून खुंटीला लावला.

राहिला फ्रीजर. घरातला फ्रीज असा होता की त्यात बर्फ पावसाळ्यातच जमे, तोही वीज गेली नाही तर. शेवटी चौकातल्या देविदासला गाठलं. देविदासचं कोल्ड्रिंकचं दुकान, त्यात कुल्फीचा आडवा फ्रीजर. प्रीतमचा तो शाळेतला सोबती. त्यानं एका शब्दावर कुल्फीची एक बाजू रिकामी करून दिली. पण माल दुसऱ्याच्या ताब्यात देताना वर काही लिहिलेलं नसणं शेषेरावांच्या नोकरीत बसत नव्हतं. आयुष्यभर एसटीची पार्सलं त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती आणि बेवारस पार्सलासारखं पाप नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. लाकडी जाळीच्या गठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं, 'माल: झाड. नाजूक.' आणि बियांच्या पिशवीवर, जाड पेननं, कुणालाही वाचता यावं असं: 'माल: जवस. पोहोच: सौ. सरजाबाई सोनकांबळे, मुखेड.'

एवढी काळजी कुणी घेतली नसती तर पुढचं काही झालं नसतं.

ठरलेले दिवस भरले आणि देविदासला बाजाराच्या दिवसासाठी फ्रीजरात जागा हवी होती. छोटी पिशवी त्यानं जाता जाता सरजाबाईच्या हातात दिली, मावशी, तुमचं जवस. गठ्ठा संध्याकाळी आणतो म्हणाला. सरजाबाईनं पिशवी उलटसुलट केली. आपलंच नाव. खाली जवस. नवऱ्याचं अक्षर. ती बराच वेळ पिशवी हातात घेऊन उभी राहिली असणार, कारण देविदास नंतर म्हणाला की मावशीनं मला पाणीसुद्धा विचारलं न्हाई. मग तिनं तवा ठेवला. एवढ्याशा जवसाची चटणी ती काय होणार, म्हणून दुकानातून मूठभर आणून त्यात घातलं.

संध्याकाळी देविदास गठ्ठा घेऊन आला. जयानं गठ्ठा घेतला, पाठीमागं पाहिलं आणि विचारलं की छोटी पिशवी कुठाय.

"दिली की दुपारीच. मावशीला."

सरजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, हाव, दिली. त्याचीच तर चटणी.

यशू तेवढी दुपारची चव आठवून मजेत बोट चाटत होती. शेषेराव स्वतःच्या हाताकडे बघत होते, ज्या हातानं जाड पेन धरला होता. सरजाबाईला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ती रडली नाही. ती खाली बसली.

"मला वाटलं, तुमी आणलं," ती शेषेरावांना म्हणाली. "कर म्हणून. नाव लिवलं होतं वर माजं."

"मीच लिवलं," शेषेराव म्हणाले.

"म्या खाल्लं ना. सगळ्यांना चारलं. लेकरानं हातानं येचून आणलेलं."

आपण अशा वेळी काय करतो हे कधीच सांगता येत नाही. जया धावली ती मिक्सरकडे. भांडं घासून पालथं घातलेलं. ताटातली चटणी? दुपारीच साफ झालेली; शेषेरावांनी वाढवून घेतलेल्या भाकरीचा आता सगळ्यांना राग आला. राहता राहिली तुळजाबाईंची वाटी. जया तशीच ओढणी सावरत शेजारी गेली.

तुळजाबाईंनी अर्धी वाटी खाल्ली होती आणि त्यांचं मत तयार होतं. सरजाबाईचा हात आता गेला बिचारीचा. चटणी कडू. जवस भेसळीचं आहे, दुकानदाराच्या तोंडावर फेकून ये, मी येते बरोबर. जयानं उरलेली वाटी परत मागितली. दिलेली चटणी परत मागायला आलेली बाई तुळजाबाईंनी आपल्या हयातीत पाहिलेली नव्हती. त्या वाटी देता देता थबकल्या आणि म्हणाल्या की अगं, कडू म्हटलं म्हणून एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. जयानं खरं काय ते सांगितलं. तुळजाबाई पहिल्यांदाच त्यांच्या घरात आल्या, सरजाबाईजवळ जमिनीवर बसल्या आणि त्यांनी कुठलाही सल्ला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळेच नांदेडला निघाले. चटणी देऊन टाकू आणि जे असेल ते खरं सांगू, एवढंच जयानं ठरवलं होतं. ती एकटीच जाणार होती. पण सरजाबाई तिच्या आधी लुगडं बदलून तयार होती. शेषेराव गठ्ठा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. कंडक्टर नवीन पोरगा. त्यानं गठ्ठ्याकडे बघून सामानाचं तिकीट घ्या म्हटलं. शेषेराव हसले; त्याला आपण कोण ते अजून कळलेलं नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते कळवलं. पोरगा म्हणाला, आजोबा, रोज एक जण भेटतो, या डेपोला मीच मोठं केलं म्हणणारा. शेषेरावांनी तिकीट घेतलं. पुढं कंधार फाटा येईपर्यंत ते खिडकीबाहेर असे बघत होते की जणू रस्ताच चुकीच्या खात्यात गेलाय. मांडीवरचा गठ्ठा मात्र त्यांनी प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी वर उचलून धरला, लहान लेकराला धरतात तसा.

संग्रहाच्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि भिंतीला लागून उंच लोखंडी कपाटं. तारामती मॅडम बारीक चणीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी गठ्ठ्याचा पट्टा सोडला, पेपर एकेक उलटला, आणि रानजवसापाशी थांबल्या.

"पानांवर हे काय उमटलंय?"

"भरघोस उत्पन्नाची हमी," जया म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

मॅडमनी चष्मा काढून पुन्हा लावला. म्हणाल्या ठीक आहे, काड्या चांगल्या आहेत, फांद्यांची ठेवण कळतेय. बोंडं द्या.

जयानं पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण तसंच हातात धरून बसल्या. जयानं सांगायला सुरुवात केली. फ्रीजर, देविदास, पिशवीवरचं नाव. तिथून शेषेरावांनी पुढचं सांगितलं, चौकशी अधिकाऱ्यासमोर अपघाताचा जबाब द्यावा तसं, क्रमानं, स्वतःची चूक स्वतःच्या नावावर घेत. सरजाबाई दारातच उभी होती. तिनं सगळ्यांत शेवटी एकच वाक्य घातलं.

"मिरची जरा जास्तच पडली, बाई."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक पांढरी थाळी आणली, भिंग आणलं, सुई आणली. दुकानातलं जवस मोठं असतं, मिक्सरच्या पात्याला सापडतं; रानातल्याचं बी बारीक, पात्याखालून निसटतं, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. डब्यातली चटणी थाळीत पसरली. मग दुपारभर त्या खोलीत विद्यापीठात शिकवणारी एक बाई चटणी निवडत बसली. लसूण एका बाजूला. भरड एका बाजूला. जया सुईच्या टोकाकडे बघून डोळे दुखवून घेत होती. शेषेराव मधूनच घड्याळ बघत होते, सवयीनं. कुठली गाडी गेली असेल ते मोजत असावेत. निघालं काय, तर बारीक तपकिरी बिया थोड्याशा, आणि बोंडाचा एक फुटका तुकडा, तोही तिखटानं लाल झालेला. मॅडमनी तो स्पिरिटमध्ये खळबळून धुतला.

नखाएवढ्या कागदी पाकिटात सगळं गेलं. पाकीट झाडाशेजारी चिकटवण्याआधी मॅडमनी त्यावर लिहिलं: 'बिया, भाजलेल्या.'

जया म्हणाली, ते लिहायलाच हवं का?

"जे आहे ते लिहावं लागतं. पुढं कधी कुणी या बिया पेरून बघितल्या आणि उगवल्या नाहीत, तर त्याला कारण कळायला नको?"

"मग मीठ बी लिवा," शेषेराव गंभीरपणे म्हणाले.

मॅडमनी विचार केला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'मीठ व तिखटाचा संपर्क.'

झाडाची जात मात्र ठरली नाही. एवढ्याशा तुकड्यावर नक्की सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. कुळ जवसाचं, ते खरं. पुढचं नाव मोकळं सोडते, पुढं कुणी जाणता येईल, कपाट उघडेल, तो ठरवील. सरजाबाईला त्या मोकळ्या जागेशी काही देणंघेणं नव्हतं. ती पहिल्यांदाच टेबलाजवळ आली. मॅडम चिठ्ठी लिहीत होत्या. वरची धनगरवाडी, घाटातला शेवटचा एसटी थांबा. मग आणणाऱ्याचं नाव: प्रीतम शेषेराव सोनकांबळे.

"त्याच्या म्होरं," सरजाबाई चाचरत म्हणाली, "ते वारल्याचं... ते बी लिवणार का?"

जयाच्या पिशवीत मृत्यूचा दाखला होता. तिनं तो अजून बाहेर काढला नव्हता.

"नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या. "दाखला वेगळ्या फाईलला जातो. इथं फक्त कुणी आणलं तेवढंच. तो आहे की नाही हे आम्ही चिठ्ठीवर लिहीत नाही. या कपाटांतली बहुतेक माणसं नाहीतच आता."

सरजाबाईनं बोट पुढं केलं, आणि हात धुतलेला असूनही लुगड्याला पुसून घेतलं, आणि मग नावाखाली टेकवलं. तिला वाचता येत होतं, पण ती एकेका अक्षराखालून बोट नेत होती. वर मॅडमनी नंबराचा शिक्का मारला. शिक्क्याचा दणका बसला तशी ती दचकली, पण बोट काढलं नाही. शेषेराव दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

यशू टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून झाडाकडे बघत होती. दुपारभर जया तिला विसरूनच गेली होती. काड्यांच्या खाली बारीक मुळं होती, मातीचा कण अजून चिकटलेला. मॅडमनी कपाट उघडलं आणि किल्ली हातात घेऊन सरजाबाईचं बोट निघायची वाट बघत उभ्या राहिल्या.

"आई," यशू म्हणाली, "मामानं ह्याला डोंगरातून उपटून आणलं, तेव्हा ह्याच्या आईला विचारलं होतं का?"